जंगल दिसतंय, तरी महाधनेश पक्षी का कमी होतोय?

कारण त्याला नुसतं जंगल पुरत नाही, म्हातारी झाडं लागतात. कोकणात बरेच जण ज्याला गरुड म्हणतात तो हाच. त्याला सुतार पक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. जुन्या, जाड बुंध्याच्या झाडाला आपोआप पडलेली ढोलीच तो शोधतो. मादी आत बसते आणि विष्ठा, फळांचा चोथा, माती वापरून तोंड लिंपून घेते. राहते फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. मग काही महिने नर वड-उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून त्या फटीतून देतो.

नर मेला की आतलं कुटुंब उपाशी.

सिंधुदुर्गात बरंच जंगल खाजगी मालकीचं आहे. दोडामार्गाकडे ते तोडून रबर लावलंय. लांबून हिरवं दिसतं, पण त्यात ना ढोली, ना उंबर. कुठल्या प्रजातीला किती धोका आहे ते सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत हा पक्षी २०१८ पासून 'असुरक्षित' गटात आहे.

तुमच्या जागेत जुना बेहडा किंवा वड असेल, तर कृपा करून तो राखा. ढोलीवाली जोडी वर्षानुवर्षं त्याच झाडावर परत येते.