एकाच महिन्यात दोन टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), एकात मायट्रल व्हॉल्व्हची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, गळती ‘मॉडरेट’ (मध्यम) आणि दुसऱ्यात ‘सिव्हिअर’ (तीव्र). कुणाचं खरं मानायचं?

वडिलांचा पहिला इको कोथरूडला, दुसरा हडपसरला. यात कोण चुकलं, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यातच इको करतो. असे दोन-दोन रिपोर्ट घेऊन येणारे नेहमीचेच, आणि बहुतेकदा खोटं कुणीच लिहिलेलं नसतं.

तुम्ही दिलेल्या माहितीत ‘पोस्टेरिअर लीफलेट प्रोलॅप्स’ आहे, खरी मेख तिथेच. झडपेची मागची पाकळी वर डाव्या कर्णिकेत (डावीकडच्या वरच्या कप्प्यात) उलटते, त्यामुळे रक्ताची चिळकांडी मधून सरळ न उडता तिरकी, पुढच्या बाजूला भिंतीला घासत जाते. अशी धार कलर डॉपलरवर (इकोत रक्ताचा प्रवाह रंगात दिसतो तिथे) आहे त्यापेक्षा बारीक दिसते. नुसता रंग बघून ग्रेड दिली की झालं ‘मॉडरेट’! रंगावर माझा फार भरवसा नाही. मशीनचा गेन (सिग्नल कमी-जास्त करायचं बटण) जरा फिरवला तरी रंगाचा पट्टा लहानमोठा होतो.

बघायचा असतो तो झडपेतून सुटतानाचा धारेचा सगळ्यात अरुंद भाग, व्हेना कॉन्ट्रॅक्टा. तो ७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर सिव्हिअर. जोडीला गळतीच्या भोकाचं क्षेत्रफळ ०.४ चौरस सेंटिमीटर आणि दर ठोक्याला मागे जाणारं रक्त ६० मिली, हे सिव्हिअरचे उंबरठे. ज्या रिपोर्टात आकडे आहेत तो धरा, नुसते शब्द असलेला बाजूला ठेवा. तपासणीच्या वेळचं बीपीही बघा. चढलेलं असेल तर गळती जास्त दिसते, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर कमी.

वडिलांचा ईएफ (दर ठोक्याला डावा खालचा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) ५८ टक्के म्हणून ‘पंपिंग नॉर्मल’ असं कुणी म्हणालं असेल तर खूश होऊ नका. निम्मंअधिक रक्त मागे फेकणाऱ्या हृदयाला ते सोपं जातं. गळती सिव्हिअर असेल तर ६० किंवा त्याखालचा ईएफ, किंवा आकुंचनानंतर ४० मिलिमीटर किंवा जास्त रुंद राहिलेला डावा खालचा कप्पा, यावर सर्जन झडपेच्या ऑपरेशनचा विषय काढतात.

तिसरीकडे तोच साधा इको करून पैसे घालवू नका. अन्ननलिकेतून नळी घालून करतात तो टीईई करायचा का, हे कार्डिऑलॉजिस्टना विचारा. दोन्ही इकोच्या क्लिप्स सीडीवर मागून घ्या. आपले लोक फाइल झकास लावून आणतात आणि सीडी घरी ठेवतात. वडिलांना धाप लागतेय म्हणता, तर याच आठवड्यात त्यांना घेऊन जा. झोपताना उशा वाढवाव्या लागत असतील तर आजच.