जास्त मते मिळूनही २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन हरल्या कशा? इलेक्टोरल मतांचा हिशेब काय असतो?

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी देशभर मिळून एक निवडणूक होतच नाही. ५० राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. अशा ५१ वेगवेगळ्या निवडणुका होतात. देशभरातल्या मतांची बेरीज वाहिन्या दाखवतात खरी, पण निकालात तिची किंमत शून्य.

अध्यक्षासाठी अखेरचे मत देणारे लोक म्हणजे इलेक्टर, आणि त्यांची मते म्हणजे इलेक्टोरल मते. प्रतिनिधीगृहात (संसदेच्या खालच्या सभागृहात) राज्याचे जितके सदस्य, त्यात २ सिनेटर (वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे सदस्य) मिळवले की त्या राज्याची इलेक्टोरल मते निघतात. कॅलिफोर्नियाची सध्या ५२ + २ = ५४, चिमुकल्या वायोमिंगची १ + २ = ३. डी.सी.ची ३ धरून एकूण ५३८, बहुमताला २७०.

खरी मेख पुढे आहे. मेन आणि नेब्रास्का सोडली, तर राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याच्या खात्यात त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते. क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया ४२ लाखांहून जास्त मताधिक्याने जिंकले. एका मताने जिंकले असते तरी पदरात तेवढेच पडले असते. उलट ट्रम्प यांनी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून ७८ हजारांहूनही कमी फरकाने घेतली आणि ४६ इलेक्टोरल मते खिशात टाकली. देशभरात क्लिंटन २८ लाखांनी पुढे होत्या, त्याचा उपयोग झाला नाही.

आपल्याकडे राष्ट्रपतींना आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे इलेक्टर म्हणजे तिथले खासदार असा समज होतो. तो चूक आहे. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याला इलेक्टर होताच येत नाही. पक्ष इलेक्टरांची आपापली यादी देतात, जिंकलेल्या पक्षाचे इलेक्टर डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यात मत देतात आणि ६ जानेवारीला काँग्रेससमोर मोजणी होते. क्वचित कुणी इलेक्टर फुटतो: २०१६ मध्ये ट्रम्प यांनी जिंकलेली मते ३०६, प्रत्यक्ष पडली ३०४. फुटणाऱ्यांवर राज्ये कारवाई करू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केले.

आणि २६९-२६९ झाले तर? २०२० मध्ये जॉर्जिया, अॅरिझोना आणि विस्कॉन्सिनमधली मिळून सुमारे ४३ हजारांची आघाडी नसती, तर बायडेन तिथेच अडकले असते. मग अध्यक्ष प्रतिनिधीगृह निवडते, पण तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाच्या ५२ जणांचे मिळून एक, वायोमिंगच्या एकट्याचेही एक. जिंकायला २६ राज्ये लागतात. उपाध्यक्ष मात्र सिनेट निवडते, त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या, असेही होऊ शकते.