बत्तीस ठिकाणांची यादी आणि माझे गुडघे

प्रिय ताई,

माझं वय ५९. आमचे हे पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, ६३ वर्षांचे आहेत. मुलगा आणि सून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात. जुलैत आम्ही दोन महिन्यांसाठी तिकडे जातोय. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलानं आम्हा दोघांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत एक आठवड्याचं हॉटेल घेऊन दिलंय. ह्यांनी रात्र-रात्र बसून यादी केलीय. बत्तीस ठिकाणं, सकाळी साडेसातला सुरुवात, कुठून कुठे किती मिनिटं चालायचं तेसुद्धा त्यात आहे.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की दोन्ही गुडघ्यांची झीज बरीच झालीय, चढ-उतार टाळा, काठी वापरा. तो एक्स-रे मी कपाटात साड्यांखाली ठेवलाय. ह्यांना 'थोडं दुखतं' एवढंच माहीत आहे. डिसेंबरात महाबळेश्वरला दोन पॉइंट झाल्यावर मी गाडीतच बसून राहिले. हे एकटे जाऊन आले आणि पसरणीचा घाट उतरून शिरवळ येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. आता वाटतं, सरळ म्हणावं, तुम्ही मुलाबरोबर जाऊन या, मी नातवाला सांभाळते. पण मनातून जायचंय. आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलोच नाही. आणि काठी टेकत सुनेसमोर जायची लाज वाटते. एक विचारू? इतक्या वर्षांनी माझं दुखणं ह्यांना न सांगता कळायला नको का?

– नाव छापू नका, नाशिक

ताई,

जा. नातवाला सांभाळायला उरलेले सात आठवडे आहेतच. पण एक्स-रे साड्यांखाली ठेवून जाऊ नका.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. कळलं असतं तर छानच झालं असतं. पण त्यांना कळू नये याचा बंदोबस्त तुम्हीच इतका चोख केलाय की कळणार कसं? एक्स-रे लपवायचा, 'थोडं दुखतं' म्हणायचं आणि वर ओळखलं नाही म्हणून मनात धरायचं, हे काही बरोबर नाही. दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईचं आपल्याकडे कौतुक होतं, त्यामुळे ही सवय सुटत नाही, हे मला कळतं. तरी महाबळेश्वरचा तो दिवस त्यांच्या बाजूनं एकदा बघा. दोन पॉइंट हसत-बोलत फिरलेली बायको तिसऱ्या ठिकाणी गाडीतून उतरेना, कारण सांगेना. त्यांना वाटलं असणार, ही कंटाळली, नाहीतर माझं काहीतरी चुकलं. तोंडानं विचारायला काय झालं होतं, असं मलाही त्यांना विचारावंसं वाटतं. शिरवळपर्यंत गप्प बसणं हे काही शहाणपणाचं लक्षण नाही. पण त्या गाडीत दोघंही गप्पच होतात.

तेव्हा सांगायचं. मुलाच्या व्हिडिओ कॉलवर नको. तो लगेच 'आई, आधी का नाही बोललीस' म्हणणार, मग 'बाबा, तुम्हाला दिसत नव्हतं का' म्हणणार, आणि हे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणार. दोघंच घरात असताना, यादीचे कागद टेबलावर असताना सांगा. आणि आधी 'मला जायचंय, तुमच्याबरोबरच जायचंय' हे वाक्य बोला, मग एक्स-रे काढा. उलट केलंत तर त्यांच्या कानावर 'सहल रद्द' एवढंच पडेल आणि पुढचं ऐकूच येणार नाही. एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरा. दोन हाडांमधली फट कुठे राहिलीय आणि कुठे मिटत आलीय, हे साध्या डोळ्यांनी दिसतं. 'कळा येतात' या शब्दांनी जे होणार नाही, ते नकाशे वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला त्या काळ्या फिल्मवर दिसेल.

त्यानंतर यादी तुम्ही दुरुस्त करू नका, त्यांनाच करायला द्या. फक्त एक नवा रकाना वाढवायला सांगा: चढ किती. या शहरात चाळीसहून जास्त टेकड्या आहेत, आणि आखणाऱ्यांनी टेकड्यांची पर्वा न करता सरळ रेघांत रस्ते पाडलेत. फिल्बर्ट स्ट्रीटचा एक तुकडा ३१.५ टक्के चढाचा आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की साडेएकतीस मीटर वर. कालव्याला हजारो मीटरमागे एक मीटर उतार देण्यात ज्यांची सारी नोकरी सरली, त्यांना हा आकडा वाचून घाम फुटेल. नकाशावर दोन गल्ल्यांचं अंतर दिसतं आणि मध्ये अख्खी टेकडी असते. म्हणूनच त्यांच्या यादीतली मिनिटं फसवी आहेत, तुमचे गुडघे धडधाकट असते तरी.

एक सल्ला तुम्हाला सगळेच देतील: वर गाडीनं जा आणि चालत उतरा. तुम्ही तसं मुळीच करू नका. झिजलेल्या गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त भार येतो. लोंबार्ड स्ट्रीट तुमच्या यादीत असणारच, १९२२ साली उतार सौम्य करण्यासाठी आठ वळणं देऊन केलेला तो फुलझाडांचा रस्ता. इतकी वळणं देऊनही लोक कडेच्या पायऱ्यांनी उतरतात तेव्हा मांड्या भरून येतात. पॉवेल-हाइड मार्गाची केबल कार (हवेतली नव्हे, रस्त्यावर रुळांवरून चालणारी) बरोबर त्याच्या माथ्यावर थांबते. तिथे उतरा, वळणं बघा, समोरची खाडी बघा आणि पुढची केबल कार धरा. ह्यांना खाली जाऊन फोटो काढायचा असेल तर खुशाल जाऊन येऊ देत.

केबल कारवरून आठवलं. त्यांच्या बत्तिसांत केबल कार म्युझियम आहे का ते बघा. नसेल तर एका इंजिनिअरच्या यादीत ते नसावं याचं मला नवल वाटेल. १८७३ साली अँड्र्यू हॅलिडी या दोरखंडाच्या कारखानदारानं ही गाडी सुरू केली. गाडीला स्वतःचं इंजिनच नाही. रस्त्याखालच्या खाचेतून पोलादी दोर ताशी सुमारे १५ किलोमीटरच्या एकाच वेगानं अखंड फिरत असतो. गाडीतला ग्रिपमन लांब दांडा ओढून चिमट्यानं तो दोर पकडतो, थांबायचं झालं की सोडतो आणि ब्रेक लावतो. ते सगळे दोर ज्या महाकाय चाकांवर फिरतात, ती चाकं त्या म्युझियमात चालू स्थितीत डोळ्यांसमोर दिसतात. तिकीट नाही. ह्यांना तिथून हलवायला तुम्हालाच हाका माराव्या लागतील.

बसायचं कुठे, तेही सांगते. पॉवेल आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लाकडी चकतीवर गाडी हातानं ढकलून फिरवतात. ते बघायला मजा येते, पण तिथली रांग जुलैत लांबलचक असते आणि रांगेत उभं राहणं तुम्हाला चालण्याहून वाईट. कॅलिफोर्निया स्ट्रीटची गाडी घ्या. ती मार्केट स्ट्रीटच्या खालच्या टोकाला सपाटीवरून निघते, गर्दी कमी असते. नॉब हिल चढून व्हॅन नेसपर्यंत जाते आणि तशीच परत येते. पायरी थोडी उंच आहे, तेवढा ह्यांचा हात धरा. व्हिजिटर पासपोर्ट नावाचा पास मिळतो, एक, तीन किंवा सात दिवसांचा. त्यात केबल कार, बस, जुन्या ट्राम सगळं येतं, त्यामुळे एका स्टॉपसाठीही बसता येतं. हीच त्याची खरी किंमत. बसच्या ड्रायव्हरला सांगितलं तर तो दाराशी बस खाली झुकवतो. सांगायला लाजू नका.

हॉटेल कुठे घेतलंय ते चिरंजीवांना आत्ताच विचारा. नॉब हिलवर असेल तर बदलायला लावा, नाहीतर रोज संध्याकाळी दमलेल्या पायांनी डोंगर चढायचा. एम्बार्कडेरोचा किनारा किंवा फिशरमन्स व्हार्फ हा सगळा सपाट पट्टा आहे. मिलानहून आणलेल्या जुन्या ट्रामसुद्धा त्याच रस्त्यानं धावतात. १८९८ सालच्या फेरी बिल्डिंगमध्ये शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. मागच्या बाजूला गांधीजींचा पुतळा आहे, बसायला बाक आहेत, बोटी ये-जा करत असतात. ती सकाळ तुमची. पियर ३९ला लाकडी तराफ्यांवर समुद्रसिंह लोळत पडलेले असतात, १९९० च्या सुमारास आपणहून येऊन तिथे ठाण मांडून बसलेत. तासभर भुंकणं ऐकत बसा, पैसे पडत नाहीत.

साडेसातची सुरुवात मात्र रद्दच करा, आणि त्याला तुमचे गुडघे कारण नाहीत. जुलैत सकाळी गोल्डन गेट पूल धुक्यात असतो. कॅलिफोर्नियाच्या आतली सपाटी तापली की ती थंड समुद्रावरची हवा खाडीच्या तोंडातून आत ओढते, आणि ते तोंड म्हणजेच तो पूल. फ्रीमाँटला घामाच्या धारा असतील तेव्हा इथे दुपारीसुद्धा वीसच्या आसपास तापमान. सुती साडीवर एक शाल घेऊन गेलात तर कुडकुडाल, वारा अडवणारं जाकीट हवंच. पुलावर दुपारी जा. ह्यांना त्या पावणेतीन किलोमीटरच्या पुलावरून चालत जाऊन यायचं असणार, जाऊ देत. तुम्ही खाली क्रिसी फिल्डला थांबा. सपाट किनारा आहे आणि पूल तिथूनच अधिक छान दिसतो.

आता थोडं कडू बोलते. ते पुलावर असताना तुम्ही 'किती वेळ' म्हणून फोन करायचा नाही, आणि आल्यावर चेहरा पाडून बसायचं नाही. रोज एक ठिकाण त्यांनी एकट्यानं बघावं, एक तास तुम्ही एकटीनं बसावं, आणि दोघांनी मिळून दोनच ठिकाणं करावीत. सात दिवसांत दोघांची चौदा आणि त्यांची एकट्याची सात, अशी एकवीस होतात. उरलेली अकरा गळाली याचं त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. यादी हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रकल्प दिसतोय, त्यावर कात्री चालताना माणूस थोडा कुरकुरणारच. लगेच समजूत घालायला धावू नका.

काठीचं म्हणाल तर घडीची घ्या, पर्समध्ये मावते, आणि आत्तापासून नाशिकमध्ये वापरायला लागा. सुनेसमोर काठी टेकण्यापेक्षा सुनेला रजा काढून इस्पितळात नेण्याची वेळ आणणं जास्त अवघड. अजून तीन महिने आहेत, डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपीही सुरू करा.

आणि यादीत नसलेलं एक ठिकाण माझ्याकडून. ५, वुड स्ट्रीट इथे गदर चळवळीचं, म्हणजे इंग्रजांचं राज्य उलथवायला परदेशातल्या भारतीयांनी उभारलेल्या चळवळीचं, स्मारक आहे. १९१३ साली याच शहरातून 'गदर' पत्र निघायला लागलं. त्या चळवळीत आपले पांडुरंग खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, ज्यांना १९१५ साली कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी झाली. ते नेहमी उघडं असेलच असं नाही, आधी फोनवर चौकशी करा. उघडं असेल तर बत्तिसांतली कुठलीही दोन ठिकाणं त्यापायी सोडली तरी चालतील.

राहिलं अल्कट्राझ, खाडीतलं बेट. १९३४ ते १९६३ पर्यंत तिथे केंद्र सरकारचा तुरुंग होता. धक्क्यापासून कोठड्यांपर्यंतची चढण तेरा मजल्यांएवढी आहे, पण ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी विजेवर चालणारी छोटी गाडी असते आणि त्यांच्या सोबतच्या एका माणसालाही तीत बसता येतं. बोट पियर ३३ वरून सुटते. तिकिटं साधारण नव्वद दिवस आधी खुली होतात आणि उन्हाळ्यातली भराभर संपतात. तुमचं पत्र एप्रिलमधलं आहे, म्हणजे ती याच आठवड्यात काढायला हवीत. त्यामुळे एक्स-रे आज रात्रीच काढा, आणि उद्या सकाळी तिकिटाचं चिरंजीवांना ह्यांनाच कळवू द्या.