अंगणात मातीचे ढीग आणि बिळे दिसत आहेत. कोणता प्राणी असावा आणि बंदोबस्त कसा करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलुंड पश्चिमेला सोसायटीच्या तळमजल्यावर आपले घर असून मागच्या लहानशा अंगणात एक केळ, कढीपत्ता आणि अळूचा वाफा आहे, गणपतीनंतर तेथे भुसभुशीत मातीचे ढीग दिसू लागले, भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक खचले आणि अळूचे कंद कुरतडलेले सापडले. इंटरनेटवर ‘मोल’ नावाच्या प्राण्याची माहिती वाचून एरंडेल तेलाचे दाणे आणि जमिनीत खोचायचे कंप यंत्र मागवावे का, असे आपण विचारले आहे. दोन्ही मागवू नयेत. आपल्याकडे मोल नाही. वर्णनावरून ती घूस आहे, असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन.

मोल हा उंदीरवर्गातला प्राणीच नाही. तो जमिनीखाली राहून गांडुळे आणि अळ्या खातो, आणि भारतात तो हिमालयाचा पट्टा व ईशान्येकडील राज्ये येथेच आढळतो. अमेरिकेतल्या हिरवळीवर त्याचे फुगलेले लांब वरंबे आणि तोंड न दिसणारे मातीचे उंचवटे उठतात, म्हणून तिकडच्या माणसाला त्याची एवढी चिंता असते. एरंडेल तेलाचा उपाय मोलसाठी सांगितला जातो. कंद आणि आपल्या स्वयंपाकघरातले खरकटे खाणाऱ्या घुशीला त्याचे काही वाटण्याचे कारण नाही. कंप यंत्राचेही तेच. लोकल आणि डंपर यांच्या धक्क्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला प्राणी त्याला भिऊन जाईल, ही आशा फार भाबडी आहे.

ओळख पटवण्यासाठी प्राणी दिसलाच पाहिजे असे नाही. मी प्राणिशास्त्र शिकवत असताना विद्यार्थ्यांना आधी मातीच पाहायला लावत असे. घूस बीळ खोदते तेव्हा चाळून काढल्यासारखी बारीक, मोकळी माती तोंडाच्या एका बाजूला टाकते, आणि पुष्कळदा बिळाचे तोंड आतून मातीनेच बंद करून घेते. त्यामुळे भोक दिसत नाही, म्हणून तेथे कोणी राहत नाही, असा निष्कर्ष काढू नये. ढिगावरची माती सकाळी ओलसर आणि गडद दिसत असेल, तर रात्री काम झालेले आहे. एका बिळाला अनेक तोंडे असतात. त्यांतली एक-दोन हमखास भिंतीच्या पायाशी, पायरीखाली किंवा गटाराच्या चेंबरला चिकटून निघतात.

प्राणी प्रत्यक्ष दिसलाच तर अंगाची ठेवण पाहावी. आपल्या शहरात जास्त आढळते ती लहान घूस साधारण पाव किलोची, क्वचित त्याहून जड असते. केस राठ व काळपट तपकिरी, तोंड आखूड आणि बोथट, कान गोल, आणि शेपटी धडापेक्षा आखूड. कोंडीत सापडली की ती अंगावरचे केस फुलवून गुरगुरते. मोठी घूस ही वेगळी जात असून ती किलोभरापर्यंत वाढू शकते. उलट घराच्या माळ्यावर, नारळाच्या झाडावर आणि केबलवरून धावणारा सडपातळ काळा उंदीर आपल्या धडापेक्षा लांब शेपटी मिरवतो आणि सहसा जमिनीत राहत नाही. तो दिसत असेल तर अंगण खणून उपयोग नाही, वरच्या फांद्या आणि पाईप पाहावे लागतात.

चिचुंद्रीबद्दल मात्र विनंती आहे. लांब, टोकदार आणि सतत हलणारे नाक, बारीक डोळे आणि कस्तुरीसारखा उग्र वास असलेला हा प्राणी उंदीर नसून कीटकभक्षी आहे. ती झुरळे आणि किडे खाते, कंद कुरतडत नाही आणि भिंतीखाली बोगदेही काढत नाही, फार तर आयत्या भोकात राहते. पिल्ले एकमेकांच्या शेपटीशी तोंडाने धरून आईमागे आगगाडीसारखी चालतात, ते एकदा पाहिले की तिला मारायला हात धजत नाही. दिवसाढवळ्या मुंगूस ये-जा करताना दिसले तर त्यालाही हटकू नये. ते उंदीर व घुशी मारते आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. धामणीचेही तसेच. जुन्या बिळात नागही शिरून बसतो, म्हणून कोणत्याही बिळात हात घालू नये.

आता बंदोबस्त. पहिल्या संध्याकाळी सगळ्या ढिगांची माती सपाट करावी, उघडी तोंडे कागदाचे बोळे आणि मातीने हलकी बुजवावीत, आणि दुसऱ्या सकाळी कोणते तोंड पुन्हा उघडले किंवा कोठे नवा ढीग आला ते पाहावे. असे काही दिवस केले की वापरातली बिळे कोणती आणि सोडून दिलेली कोणती, हे स्पष्ट होते. बहुतेक माणसे येथेच घाई करतात : भोक दिसले की काचेचे तुकडे आणि सिमेंट ओतून मोकळी होतात. घूस शेजारून वीतभर अंतरावर नवे तोंड काढते, आणि काचा मात्र पुढे वाफा खणणाऱ्याच्या हाताला लागतात.

त्यानंतर चेंबरकडे वळावे, कारण माझ्या मते मुंबईतल्या अंगणाच्या घुशीचे मूळ अंगणात नसून सांडपाण्याच्या वाहिनीत असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगचा अभ्यास करणाऱ्यांना या शहरात मुख्यतः काळा आणि तपकिरी उंदीर सापडत. पुढे घुशीने येथे जम बसवला, आणि गटारे, हाऊसगल्ल्या (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळी) व भरावाची माती तिला चांगलीच मानवली. ती उत्तम पोहते. जुन्या इमारतींतल्या चिनीमातीच्या पाईपांचे सांधे निखळले की ती तेथून मातीत शिरते; पाईपातून गळणारे पाणी माती मऊ करते आणि खोदणे आणखी सोपे होते. बीळ चेंबरपासून दोन-तीन फुटांच्या आत असेल तर प्लंबरला बोलावून चेंबरची आतली बाजू तपासून घ्यावी, वरच्या मोरीत रंगीत पाणी सोडून ते चेंबरमध्ये पुरेसे येते की मध्येच मुरते ते पाहावे, नहाणी ट्रॅप (न्हाणीघरातले सांडपाण्याचे तोंड) आणि गली ट्रॅप (बाहेरच्या सांडपाण्याचे तोंड) यांच्या जाळ्या शाबूत आहेत का ते बघावे. आपले पेव्हर ब्लॉक खचले आहेत, त्यामागे घुशीइतकीच ही गळतीही असू शकते. दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी, कारण वाहिनी सामाईक आहे. समितीला लेखी पत्र द्यावे.

खाद्य तोडणे हा दुसरा भाग, आणि तो शेजाऱ्यांमुळे अवघड होतो. ओला कचरा उघड्या खड्ड्यात कुजवत असाल तर झाकणाचा ड्रम घ्यावा. कबुतरांना टाकलेली ज्वारी, मांजरांसाठी रात्रभर ठेवलेला मासे-भात, तुळशीपाशी ठेवलेल्या नैवेद्याचे शिल्लक, हे सगळे संध्याकाळपूर्वी उचलले गेले पाहिजे. पोसलेली मांजरे घुशी मारतील, असा भरवसा ठेवू नये. पूर्ण वाढलेल्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरे जात नाहीत.

वापरातली बिळे कळली आणि खाद्य कमी झाले की मग पिंजरा. लाकडी पिंजरा घूस कुरतडते, म्हणून लोखंडी घ्यावा आणि भिंतीलगत, तिच्या रोजच्या वाटेवर ठेवावा. नव्या वस्तूला ती बिचकते. म्हणून पहिल्या काही रात्री दार उघडे बांधून ठेवावे आणि आत भजी, ओल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा सुका बोंबील ठेवून तिला खुशाल खाऊ द्यावे. आमिष सतत संपू लागले की मगच दार लावायचे. सापडलेली घूस दुसऱ्या गल्लीत नेऊन सोडणे म्हणजे आपली कटकट दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. त्याऐवजी पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या कीटकनाशक विभागाकडे चौकशी करावी. त्यांचे मूषक संहारक, म्हणजे उंदीर मारणारे कर्मचारी, रात्री फिरतात आणि बिळांची तक्रारही तेथे नोंदवता येते. चिकट पाट मात्र वापरू नये. त्यावर जनावर तासन्‌तास तडफडते, आणि त्याच पाटावर चिचुंद्री, सरडे आणि चिमण्याही अडकतात.

घुशीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो, पिल्ले एका वेळी सहा-आठ होऊ शकतात आणि अन्न मिळाले तर ती वर्षभर विते, त्यामुळे दोन-तीन धरल्या म्हणजे झाले, असे नसते. म्हणून लोक विषाकडे वळतात. मी ते शेवटी ठेवतो. ब्रोमाडायोलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत आणि प्राणी काही दिवसांनी मरतो. त्यावर जीवनसत्त्व के-1 हा उतारा आहे, पण मेलेली घूस खाणाऱ्या मांजरालाही किंवा गव्हाणी घुबडालाही ते विष बाधते. झिंक फॉस्फाइडला आणि पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टला उतारा नाही. मुले असलेल्या इमारतीत ती नकोच. बिळात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी ‘आतून आणून देतो’ म्हणाला तरी घेऊ नयेत. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, तो मातीतून आणि भिंतीच्या भेगांतून तळमजल्याच्या खोल्यांत शिरतो आणि माणसे दगावतात. ते काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे आहे, आणि राहत्या घराला लागून त्यांनीही करू नये, असे माझे मत आहे.

या सगळ्या कामात रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत. घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत उतरतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात जातात. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाणी पडले, त्यानंतर या आजाराची मोठी साथ मुंबईने अनुभवली आहे. मातीत काम केल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि डोळे लाल होणे, असे झाल्यास डॉक्टरांना अंगणाची गोष्ट आवर्जून सांगावी. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवाव्यात. आणि विष न टाकताच एकापाठोपाठ उंदीर मरून पडलेले दिसले, तर त्यांना हात न लावता पालिकेला तातडीने कळवावे, कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरा आसरा शोधतात. 1896 साली मांडवीत सुरू झालेल्या प्लेगचा प्रसार तसाच झाला होता.

पेव्हर ब्लॉक लगेच बसवून घेऊ नका. दिवाळीनंतर जमीन वाळली, वाहिनी दुरुस्त झाली आणि निदान पंधरा दिवस एकही नवा ढीग आला नाही, की मगच बिळे खणून उघडी करावीत, खडी आणि माती थरांनी ठोकून भरावी, आणि भिंतीलगत अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी दीड-दोन फूट खोल पुरून तिचे खालचे टोक फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून घ्यावे. जाळी गॅल्व्हनाइज्ड असावी. साधी जाळी मुंबईच्या दमट मातीत फार दिवस टिकत नाही. हे काम मेअखेर पूर्ण व्हायला हवे, कारण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गटारातली बिळे बुडतात आणि तेथल्या घुशी कोरडी जागा शोधत वर येतात.