दुसरी अँजिओप्लास्टी: एफडी मोडावी, की पॉलिसीच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील 68 वर्षांचे. नऊ दिवसांपूर्वी हार्ट अटॅक आला, तातडीची अँजिओप्लास्टी करून बंद पडलेल्या रक्तवाहिनीत औषधी स्टेंट (औषधाचा लेप असलेली जाळीची नळी) बसवला. दुसऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत 80 टक्के ब्लॉक आहे आणि डॉक्टर म्हणतात, महिन्याभरात तीही करून घ्या. खर्चाचा अंदाज 2 लाख 20 हजार. तीन लाखांच्या मेडिक्लेममध्ये 60 हजार उरलेत, नूतनीकरण 18 दिवसांवर आलंय. तुम्ही चार लाखांची एफडी मोडून याच आठवड्यात मोकळं व्हायचं म्हणता. भाऊ म्हणतो, गोळ्यांवर भागवू.

भावाचा पर्याय आधी बाजूला ठेवू. एरवी, अटॅक न आलेल्या स्थिर रुग्णाच्या बाबतीत गोळ्यांवर राहणं बऱ्याचदा योग्य असतं. अटॅकनंतरचं गणित वेगळं. 2019 साली आलेल्या 'कम्प्लीट' नावाच्या वैद्यकीय चाचणीत असे 4,041 रुग्ण होते. फक्त अटॅकला कारण ठरलेली वाहिनी उघडलेल्यांपैकी 10.5 टक्के जणांना पुढच्या साधारण तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा अटॅक आला. उरलेले ब्लॉकही काढलेल्यांत हे प्रमाण 7.8 टक्के. फायदा मुख्यतः नवे अटॅक टळण्याचा होता. तेव्हा हा खर्च टाळू नका.

पण त्याच चाचणीत तुमच्या पैशांसाठी महत्त्वाची गोष्ट आहे: दुसरी प्रक्रिया त्याच मुक्कामात केली काय किंवा घरी जाऊन 45 दिवसांच्या आत केली काय, फायदा जवळपास सारखाच. तुमचं नूतनीकरण अटॅकपासून 27व्या दिवशी येतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "20 दिवसांनी केलं तर चालेल का?" ते हो म्हणाले तर तारीख फाइलवर लिहून घ्या. नाही म्हणाले, किंवा मधे विश्रांतीतही छातीत दुखलं, दम लागला, तर पॉलिसीचा विचारही न करता दाखल करा.

नूतनीकरणानंतर तीन लाखांचं कव्हर पुन्हा पूर्ण मिळतं. क्लेम घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. अडचण येते ती दोन ठिकाणी. एक, हप्ता उशिरा भरला तर सवलतीच्या दिवसांत पॉलिसी जिवंत राहते, पण त्या मधल्या दिवसांतल्या उपचाराचा क्लेम मिळत नाही. चार दिवस आधीच भरा. दोन, बहुतेक पॉलिसींत 45 दिवसांत त्याच आजारासाठी पुन्हा दाखल झालं तर तो 'एकच आजार' धरतात. तुमच्या पॉलिसीत आजारनिहाय मर्यादा असेल, तर पहिल्या अँजिओप्लास्टीची रक्कम त्यातून वजा होईल. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) याचं उत्तर ईमेलवर घ्या, फोनवरचं धरू नका. कव्हर आत्ता वाढवून घेऊ, हा भरवसाही नको. वाढीव रकमेला नवा प्रतीक्षा काळ लागतो.

रूमचं भाडं सांभाळा. तुमच्या पॉलिसीत कव्हरच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये मर्यादा असेल आणि तुम्ही 6,000 ची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी, कॅथलॅबचे (जिथे अँजिओप्लास्टी होते ती खोली) चार्जेस वगैरेही निम्मेच मंजूर होऊ शकतात. स्टेंट, औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही.

अंदाजपत्रक ओळीनिशी मागा. औषधी स्टेंटची कमाल किंमत 2017 पासून सरकारने बांधून दिली आहे. आज ती जीएसटी सोडून 40 हजारांच्या आत आहे. ब्रँड आणि बॅच नंबरसह ती वेगळी दाखवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. खरी वाढ होते ती फुगे, वायर, गायडिंग कॅथेटर (वाहिनीपर्यंत नेणारी बारीक नळी) यांत आणि वाहिनीच्या आतून चित्र घेणाऱ्या आयव्हीयूएस किंवा ओसीटी कॅथेटरमध्ये. ब्लॉक लांब किंवा फाट्यावरचा असेल तर या चित्रणावर खर्च जरूर करा, स्टेंट नीट उघडलाय की नाही ते त्यातून कळतं. छोट्या, सरळ ब्लॉकसाठी ते का हवं, हे विचारा. कॅशलेसच्या पूर्वमंजुरीत त्याचा उल्लेख हवाच.

रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. तुमचं रुग्णालय यादीत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

तरीही रोख लागलीच, तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून तात्पुरती उचल. दोन वर्षांची, 7 टक्क्यांची एफडी दहा महिन्यांनी मोडली आणि दंड धरून 5 टक्के हातात आले, तर चार लाखांवर सुमारे 6,700 रुपये बुडतात. दोन लाखांचा ओव्हरड्राफ्ट 8 टक्क्यांनी दोन महिने वापरला, तर व्याज 2,700 च्या आसपास, आणि एफडी चालूच राहते.

पहिल्या मुक्कामानंतरच्या औषधांची, तपासण्यांची बिलं जपून ठेवा. अनेक पॉलिसी डिस्चार्जनंतर 60 दिवसांपर्यंतचा खर्च देतात. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर लागतात. त्यांचे पैसे घरखर्चात आत्ताच वेगळे काढा, कारण त्या मधेच थांबल्या तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.