मांजरांच्या रहस्यकथा : पहिलं पुस्तक कोणतं?

प्रश्न : लिलियन जॅक्सन ब्राउन यांच्या 'द कॅट हू...' मालिकेतलं 'टॉक्ड टर्की' हाती लागलं, म्हणून वाचलं. माणसं खंडीभर, रहस्य नावाला. एवढी गाजलेली मालिका ती हीच का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : मालिका हीच, पण तुम्ही शेवटाकडून चौथं पुस्तक उचललंत. एकूण कादंबऱ्या २९. ही २६वी, २००४ची. तोवर पिकॅक्स गावातली निम्मी माणसं वाचकाच्या ओळखीची झालेली असतात. शिवाय साधारण विसाव्यानंतर रहस्य पातळ होत जातं, हे तुमचं निरीक्षण बरोबरच आहे.

पहिल्यापासून वाचा : 'कुड रीड बॅकवर्ड्स' (१९६६). कलेतलं ओ की ठो कळत नसताना क्विलरन या पत्रकाराच्या गळ्यात कलाक्षेत्राची बातमीदारी पडते, आणि कोको हा सयामी बोका त्याच्याकडे कसा येतो तेही इथंच कळतं. यम यम ही मांजरी दुसऱ्या पुस्तकात भेटते. कोको बोलत नाही की तपास करत नाही. तो शब्दकोशात नखं रुतवतो, क्विलरन त्या पानावरचे शब्द वाचतो. पुढं एका पुस्तकात तो फळीवरून शेक्सपिअरचे खंड खाली पाडतो. अर्थ लावायचा क्विलरननं, नाहीतर आपण. ही गंमत रुचली नाही, तर बाकीची पुस्तकं खुशाल सोडा.

तिसरं १९६८चं, चौथं थेट १९८६चं. म्हणून पहिल्या तिघांत टाइपरायटरच्या जमान्यातलं वृत्तपत्र आहे. एकच पुस्तक चाखून बघायचं असेल तर चौथं, 'सॉ रेड', घ्या. आमच्या मते वीण तिथं सगळ्यांत घट्ट आहे. पाचव्यात, 'प्लेड ब्राह्म्स'मध्ये (१९८७), शहर मागं पडतं, पिकॅक्स गाव जिथं आहे ती मूस काउंटी येते आणि क्विलरनचं नशीब पालटतं. सहावं, 'प्लेड पोस्ट ऑफिस', त्यानंतरच लगेच वाचावं. उलट क्रमानं वाचलंत तर पाचव्याचा शेवट आधीच फुटतो. त्यापुढं एखादं पुस्तक मागंपुढं झालं तरी फार बिघडत नाही.

नावांवरून क्रम लावू नका. 'सॉ रेड' चौथं तर 'सॉ स्टार्स' एकविसावं. 'टॉक्ड टू घोस्ट्स' दहावं आणि तुमचं 'टॉक्ड टर्की' कुठल्या कुठं! मुखपृष्ठामागच्या पानावर मूळ प्रकाशनाचं वर्ष पाहा, पुनर्मुद्रणाचं नव्हे.

प्रश्न : कादंबरीआधी 'हॅड १४ टेल्स' हा कथासंग्रह वाचला तर?

उत्तर : चालेल, पण त्यात क्विलरन, कोको, यम यम कुणीच नाही. १४ सुट्या मांजरकथा आहेत. मालिका कशी आहे याचा अंदाज त्यावरून येणार नाही. आणि मांजरं आपसांत चक्क बोलणारी हवी असतील, तर ती इथं नाहीतच; रीटा मे ब्राउन यांची मिसेस मर्फी मालिका धरा, पहिलं पुस्तक 'विश यू वेअर हिअर' (१९९०).