रोज पाणी वाढवूनही ज्वेल ऑर्किडची पानं कडेनं वाळतायत, इंदूरच्या उन्हाळ्यात हे झाड टिकेल का?

टिकतं. माझ्याकडचं लुडिसिया डिस्कलर (काळपट मखमली पानं, तांबूस शिरा, तुमचंही बहुधा हेच) इंदूरचे सहा उन्हाळे काढून सातव्यात आहे. पण पानं वाळतायत म्हणून तुम्ही रोज पाणी वाढवताय, ते आधी थांबवा. कडा वाळतात त्या कोरड्या हवेनं. मुळाशी पाणी ओतून हवा ओली होत नाही, मुळं मात्र कुजतात.

माझं पहिलं झाड असंच गेलं. अंगणातली काळी माती घातली होती. आपली माळव्याची माती गव्हाला सोन्यासारखी, पण पाणी धरून बसते. आठ दिवसांत खोड भाजलेल्या वांग्यासारखं मऊ पडलं.

हे ऑर्किड झाडाच्या फांदीवर वाढणारं नाही. दक्षिण चीन, व्हिएतनाम, मलेशियाकडच्या दाट जंगलात जमिनीवर, पालापाचोळ्यात सरपटत पसरतं. म्हणून पसरट, उथळ कुंडी घ्या आणि तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), झाडाच्या सालीचे बारीक तुकडे, पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) आणि थोडा कोळसा घाला. वरचा थर बोटाला कोरडा लागू लागला की पाणी द्यायचं. बोअरचं जड पाणी टाळा. मी पावसाचं साठवते, ते संपलं की नळाला येणारं नर्मदेचं.

खरी कसोटी मे महिन्यात. पारा ४२ वर गेला की कुंडी उचलून काचेच्या जुन्या फिश टँकमध्ये ठेवते, तळाशी ओले खडे, वर अर्धवट झाकण. कूलरच्या खोलीत हवा दमट राहते, तेही चालतं, पण झोत थेट पानांवर नको. फवारा मारायला लोक सांगतात. दहा मिनिटांत तो सुकतो आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचतं ते वेगळंच, म्हणून मी मारत नाही.

उजेड उत्तरेच्या खिडकीचा पुरे. थेट उन्हात पानांचा रंग उडतो, आणि झाड ठेवायचं ते त्या रंगासाठीच. खत महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणीही कमी करा. माझ्याकडे जानेवारीत पांढऱ्या फुलांचा तुरा येतो, प्रत्येक फूल किंचित पिळलेलं, मधे पिवळा ठिपका. तुरा संपला की तो कोंब तिथेच थांबतो आणि बाजूनं नवे फुटतात, म्हणून घाबरू नका.

आता तुमच्या झाडाचं खोड मातीलगत हलकेच दाबून बघा. कडक असेल तर फक्त माती बदला. मऊ असेल तर वरचा कडक भाग दोन-तीन पेरांसकट स्वच्छ ब्लेडनं कापा, काप दिवसभर सुकू द्या आणि ओलसर स्फॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आडवा ठेवून बरणीनं झाका. महिना-दीड महिन्यात पेरांतून मुळं सुटतात. खोड फार ठिसूळ असतं, बेतानं धरा.